मी मांगे शे

आदरणीय मिस्तरी आबा,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. त्या रात्री विचारायचं राहून गेलं, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही घाट उतरलो तेव्हा तुमचं शटर बंद होतं. दुकानाच्या पाटीवरचं नाव उन्हानं उडालंय. खालची ओळ तेवढी वाचता येते, 'ता. शहादा, जि. धुळे'. नंदुरबार जिल्हा १९९८ साली वेगळा झाला, म्हणजे पाटी त्याच्या आधीची. तेवढ्यावरच तुम्हाला शोधायचं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. म्हसावदकडचं कुणी वाचलं तर त्यांनी आबांना वाचून दाखवावं, एवढी विनंती.

आम्ही चौघं धुळ्याचे. आमच्या बुलेट क्लबचा दोन दिवसांचा मेळावा तोरणमाळला होता. शनिवारी वर जायचं, यशवंत तलावाच्या बाजूला तंबू टाकायचे, रात्री भरीत-भाकरी आणि रविवारी दुपारी परत. नाशिक, जळगाव, मालेगाव, सुरत अशा सगळीकडून साठ-सत्तर गाड्या येणार होत्या. बाकीचे सकाळीच निघाले. आमच्यातल्या दोघांना शनिवारी अर्धा दिवस ड्युटी होती, म्हणून आम्ही दुपारी दोनला निघालो. तिघं पुढे, आणि स्वीपला मी. स्वीप म्हणजे सगळ्यांच्या मागे चालणारा गडी. पुढचा कुणी थांबला, पडला, पंक्चर झाला, तर त्याच्याजवळ थांबायचं काम त्याचं. चार वर्षं मी हे काम करतोय आणि मनापासून करतो. पण एक गोष्ट मला कायम टोचायची आणि मी ती कुणाला सांगितली नव्हती. स्वीपच्या मागे कुणीच नसतं.

दोंडाईचा सोडलं तोवर सगळं ठीक होतं. सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरलेली, घोडेबाजार ऐन रंगात. तापीच्या पुलापासून गर्दी सुरू झाली ती संपेचना. ट्रॅक्टर, उसाचे ट्रक, घोडे उतरवणारे टेम्पो आणि त्यांच्यामधून माणसं. तासभर आम्ही पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धा दाबून, पावला-पावलानं सरकत होतो. तिथेच क्लचच्या वायरीच्या तारा एकेक करून तुटत गेल्या असणार. शहादा ओलांडल्यावर क्लच जड लागत होता, पण मी मनावर घेतलं नाही. गाडी आठच दिवसांपूर्वी सर्व्हिसिंग करून आणली होती, तिथे 'वायर बघितली' म्हणाले होते. ते असो. म्हसावद मागे पडलं आणि लिव्हर एकदम हातात ढिलं आलं. वायर वरच्या निप्पलपाशी, म्हणजे टोकाला लिव्हरमध्ये अडकणाऱ्या धातूच्या बोंडापाशी, तुटली होती.

सहा वाजून गेलेले, अंधार पडायला लागलेला. पुढचे तिघं परत फिरून आले. आमच्यातला सगळ्यात धाकटा एकोणीस वर्षांचा आहे, त्याचा हा पहिलाच कॅम्प. तो म्हणाला, ढकलून दुसऱ्या गिअरमध्ये चालू करू आणि क्लचशिवाय असंच चढवू. मला ते पटतही होतं, कारण वर सगळे वाट बघत होते. तेवढ्यात तुम्ही दुकानातून हाक मारलीत.

"काय व्हयनं भाऊ?"

मी सांगितलं. तुम्ही एकदा गाडीकडे बघितलंत, एकदा डोंगराकडे.

"सपाटीवर चालस भाऊ, घाटमा नही. गाडी आठे लई या."

आबा, तुमच्या त्या एका वाक्याचे आभार मला सगळ्यात आधी मानायचेत. सात पायऱ्यांचा घाट आम्ही नंतर चढलो तेव्हा कळलं तुम्ही काय म्हणत होतात. तिसऱ्या वळणावर समोरून माणसांनी गच्च भरलेली जीप आली आणि मला चढावर जागीच थांबावं लागलं. थांबलो, पुन्हा उचलली, निघालो. हातात क्लच नसता तर गाडी तिथे एक तर बंद पडून मागे घरंगळली असती, नाही तर जीपवर गेली असती. उजव्या हाताला दरी होती. त्या वळणावर मला तुमचा आवाज जसाच्या तसा ऐकू आला.

तुमच्याकडे बुलेटची वायर नव्हती. "आठे बुलेट कोण आनस?" म्हणालात. पण भिंतीच्या खिळ्यावर स्कूटरच्या आतल्या वायरींचं एक भेंडोळं टांगलेलं होतं, एका टोकाला निप्पल असलेल्या. त्यातली जाडशी निवडलीत. माझ्या वायरीचं जुनं काळं कव्हर काढून त्यात वरून तेल सोडलंत, उभं धरून खालून थेंब पडेपर्यंत थांबलात. मग नवी वायर आत सरकवली. वरचं निप्पल कानसीनं जरासं घासलं, ते हँडलच्या लिव्हरमध्ये बसलं. खालच्या टोकाला मात्र निप्पलच नव्हतं आणि मला वाटलं, आता संपलं.

तुम्ही एक पितळी बोल्ट शोधलात, डब्यातून बरोबर बोटांनी चाचपून. तो करवतीनं बोटाच्या पेरापेक्षा लहान कापला. हातड्रिलनं मधोमध भोक पाडलं. त्यातून वायर ओवली आणि टोकाच्या तारा एकेक करून बाहेर वळवल्यात, चिमट्यानं, हळूहळू, झेंडूच्या कळीसारख्या. शेगडीवर पळीत कथील वितळत होतं. नवसागराची चिमूट टाकलीत तसा पांढरा धूर उठला, धाकट्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते फुललेलं टोक पळीत बुडवलं, काढलं, फुंकलं. तारा आणि पितळ एकजीव झालं होतं. तुम्ही वायरीचं एक टोक पायाखाली धरून दोन्ही हातांनी ताणून बघितलंत. मग कुणाशी तरी बोलल्यासारखं म्हणालात, "हां."

गाडीला वायर लावताना तुम्ही डाव्या बाजूच्या गिअरकडे बघून विचारलंत, "उजवा पायना गिअर कोठे गया?" जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाला असायचा. माझी गाडी २०१७ची, मी उजव्या गिअरची कधी चालवलेलीच नाही. तुम्ही मात्र त्या गाड्यांवर हात बसवलेला माणूस. राजदूत, येझदी, आरएक्स हंड्रेड, एकेकीची खोड तुम्ही सांगत होतात आणि तुमचे हात थांबत नव्हते.

मला वाटलं काम झालं. मी पैसे काढले. तर तुम्ही दुसरी वायर माझ्या हातात दिलीत, उरलेल्या बोल्टचा तुकडा दिलात आणि म्हणालात, "आते तू कर."

वर सगळे जेवायला थांबलेले, फोनला रेंज नाही, आणि मी तुमच्या दुकानात पाटावर बसून तारा वळवत होतो. पहिल्यांदा तारा तुटल्या. "चुकनं ते चुकनं," म्हणून तुम्ही पुन्हा टोक कापून दिलंत. दुसऱ्यांदा जमलं. माझं निप्पल तुमच्यासारखं गोल झालं नाही, एका बाजूला कथील जास्त बसलं. तरी तुम्ही तेही पायाखाली धरून ताणलंत आणि माझ्या हातात ठेवलंत. ती वायर आज माझ्या टूलकिटमध्ये आहे.

किती झाले विचारलं तर, "वायरना साठ, बस." मी शंभराच्या दोन नोटा पुढे केल्या, तुम्ही एकच घेऊन चाळीस परत दिलेत. त्यानंतर जे केलंत, त्यासाठी खरं तर हे पत्र आहे.

आम्ही हेल्मेट घालत होतो. तुम्ही शटर ओढलंत, कानाला मफलर गुंडाळली आणि आतून तुमची जुनी गाडी बाहेर काढलीत. मी म्हटलं, आबा, आता कुठे निघालात? तुम्ही किक मारत म्हणालात, "नवी वायर शे. जरा ताणाय पडी. तुम्ही चाला पुढे, मी मांगे शे."

मी मागे आहे. त्या तीन शब्दांनी मला काय झालं ते मी तिथे बोलू शकलो नाही. राणीपूर गेलं, चढ सुरू झाला, थंडी अंगात शिरायला लागली. पौर्णिमा होऊन दोन दिवस झालेले, चंद्र अजून डोंगराआड होता. पुढे तिघांचे लाल दिवे, आणि माझ्या आरशात पहिल्यांदाच एक दिवा. पिवळा, जरासा थरथरता. वळणावर जायचा, पुन्हा यायचा. मधे एकदा तुम्ही हॉर्न दिलात, मी थांबलो. तुम्ही टॉर्च धरून लिव्हरजवळचा स्क्रू दोन आटे फिरवलात, वायर खरंच ताणली होती. पुन्हा निघालो. चार वर्षांत पहिल्यांदा मी शेवटचा नव्हतो, आबा.

वर पोचल्यावर गावाचे दिवे दिसले. मी थांबून वळलो, तुम्हाला जेवायला घेऊनच जायचं होतं. पण तुम्ही शेवटच्या वळणावरूनच गाडी फिरवली होती. आम्ही चौघं रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. खाली तो पिवळा दिवा एकेक वळण उतरत होता. दिसेनासा होईपर्यंत कुणी गाडी चालू केली नाही.

तुम्ही न जेवता गेलात म्हणून वर काय होतं ते सांगतो. वांगी बामणोदची होती, यावलकडच्या मित्रानं पोतंभर आणलेली, हिरवीगार आणि लांबट. कापसाच्या पऱ्हाट्यांचा जाळ करून त्यावर भाजली, लाकडी बडजीत ठेचली, वर लसूण, मिरची, कांद्याची पात, शेंगदाणे. सोबत कळण्याची भाकरी. आम्ही पोचेपर्यंत कुणी जेवलं नव्हतं. शेकोटीभोवती साठ माणसं बसली होती आणि धाकट्यानं तुमची गोष्ट सांगितली. तो फार बोलका मुलगा नाही, पण त्या रात्री वायर कशी फुलवायची हे त्यानं हातवारे करून सांगितलं. मालेगावचे एक चाचा आहेत आमच्यात, वडिलांची येझदी अजून चालवतात. ते सगळं ऐकून उठले, एका ताटात भाकरी-भरीत वाढलं आणि शेकोटीजवळ झाकून ठेवलं. "आबांचा वाटा आहे, ते आले नाहीत तर सकाळी आपण घेऊन जाऊ."

रात्री तंबूवर इतकं दव पडलं की पहाटे आतून कापड ओलं लागत होतं. तळ्यावर धुकं होतं, गोरखनाथांच्या मंदिराकडून घंटेचा आवाज येत होता. सकाळी सगळ्यांनी सीताखाईचं दर्शन घेतलं, फोटो झाले. ते सगळ्या मेळाव्यांत होतंच. यावेळी वेगळं एवढंच झालं की परत येऊन तळ्याकाठी चहाच्या शेगडीवर पळी ठेवली गेली. चाचांकडे कथील होतं, नवसागर गावातल्या दुकानात मिळाला. तुम्ही मला दाखवलंत तसं मी पंधरा-वीस पोरांना दाखवलं. त्यातल्या सहाजणांना जमलं. आता क्लबनं ठरवलंय, मेळाव्याला येणाऱ्या प्रत्येक गाडीत एक सुटी वायर आणि एक पितळी तुकडा असलाच पाहिजे.

उतरताना तुमचं ताट डब्यात भरून घेऊन आलो होतो. शेजारच्या चहावाल्या मावशींनी सांगितलं की तुम्ही वावरात गेलात, कापूस वेचणी चालू आहे. डबा त्यांच्याकडेच ठेवला. तो पोचला असेल ही आशा आहे, भरीत गार झालेलं असलं तरी. मावशींनीच सांगितलं की शिवरात्रीला तोरणमाळची यात्रा असते तेव्हा तुम्ही रात्रभर दुकान उघडं ठेवता. मध्य प्रदेशातूनही लोक येतात, जीपा, मोटारसायकली, पायी चालणारे. एकटा माणूस पहाटेपर्यंत पंक्चर काढतो, आणि कुणाकडे पैसे नसले तर तसाच जाऊ देतो.

आबा, यंदाच्या शिवरात्रीला आम्ही चौघं येतोय. ट्यूब, पॅच, सोल्युशन, दोन पंप आणि एक मोठी बॅटरी घेऊन. पंक्चर आम्हाला बऱ्यापैकी काढता येतं, निप्पलही आता जमतं. तुम्ही खुर्ची टाकून बसा आणि चुकलं तिथे सांगा. घाटात रात्री कुणाची गाडी अडली, तर तिच्या मागे कोण जाणार ते आम्ही आपसात वाटून घेतलंय. पहिली पाळी धाकट्यानं मागून घेतली आहे.

शोरूमची नवी वायर मी आणून ठेवली, ती अजून पाकिटातच आहे. तुमची चालतेय, बाराशे किलोमीटर झाले.

वांगी आणतो. पऱ्हाट्या तुमच्या वावरातल्या राखून ठेवा.

तुमचा,
धुळ्याचा तो बुलेटवाला