आधी तुंबलंय कुठे ते बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत शेवटच्या पानावर ‘बाथरूम तुंबलंय? पाच मिनिटांत मोकळं करा’ अशी एक चौकट होती. खाण्याचा सोडा टाका, वर व्हिनेगर ओता. नाही भागलं तर ड्रेन साफ करायची पावडर टाका. तरीही नाही भागलं तर उकळतं पाणी, आणि शेवटी संडास धुवायचं ॲसिड. उपाय चार दिलेत, पण तुंबलंय कुठे हा प्रश्न अख्ख्या चौकटीत कुणी विचारलेला नाही. मला त्यावर रागवायचा फारसा अधिकार नाही, कारण यातले पहिले दोन उपाय मी याच क्रमाने करून बसले आहे. आणि मी ३१ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आहे, हे सांगताना म्हणूनच जरा अवघडल्यासारखं होतं.

आमच्याकडे आंघोळीचं पाणी आधी नुसतं जाळीभोवती घुटमळायचं. मग घोट्यापर्यंत यायला लागलं आणि पाऊण पाऊण तास हलेना. मी सोडा टाकला, व्हिनेगर ओतलं, फेस आला, बरं वाटलं. फेसाने माणसाला बरंच वाटतं. याच दोन पदार्थांनी मी वर्गात बाटलीच्या तोंडावरचा फुगा फुगवून दाखवायचे. तो फेस कार्बन डायऑक्साइडचा. तो उडून गेला की मागे उरतं पाणी आणि सोडियम ॲसिटेट नावाचं एक गरीब मीठ. सोड्याने व्हिनेगरला निकामी केलं, व्हिनेगरने सोड्याला, आणि गुंतवळ होतं तिथेच राहिलं. पोरांना फळ्यावर समीकरण लिहून दिलेली बाई घरी आल्यावर हे सगळं विसरली.

दुसऱ्या दिवशी मी पावडर टाकली. ती म्हणजे मुख्यतः कॉस्टिक सोडा. तो केस विरघळवतो हे खरं आहे, चरबीचाही साबण करतो. पण त्यासाठी तो केसांपर्यंत पोचला पाहिजे. आमच्याकडे वर पाणी उभं होतं, त्यामुळे पावडर जाळीखालीच बसली, पाणी कोमट झालं आणि बाथरूमच्या कोपऱ्यात कॉस्टिकचं एक छोटं तळं तयार झालं.

संध्याकाळी प्लंबर आला. पंचविशीतला मुलगा. त्याने बाही वर केली आणि हात थेट पाण्यात घातला. मी दारात उभी होते. पावडरीबद्दल बोलले नाही. ओशाळवाणं वाटलं म्हणा, किंवा आता तिचा जोर ओसरला असेल अशी स्वतःची समजूत घातली म्हणा. मिनिटभराने तो म्हणाला, “काकू, आत शॅम्पू सांडलाय का? हाताला बुळबुळीत लागतंय.”

ते शॅम्पूचं बुळबुळीत नव्हतं. कॉस्टिक कातडीतल्या चरबीचा साबण करायला लागलं की अगदी असंच लागतं. मी त्याचा हात धरून ओढतच स्वयंपाकघरातल्या नळाखाली नेला आणि घड्याळ लावून वीस मिनिटं पाणी सोडलं. आमचे हे व्हिनेगरची बाटली घेऊन धावत आले, त्यांना मी तशीच परत पाठवली. कातडीवर एक रसायन असताना उतारा म्हणून दुसरं लावायचं नसतं, वाहतं पाणी हेच काय ते औषध. एवढं मात्र मला आठवलं. मनगटाच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा लाल डाग उरला. मुलगा चिडला नाही, “आधी सांगायचं ना” एवढंच म्हणाला आणि मी डॉक्टरकडे पाठवते म्हटल्यावर मुकाट्याने गेला. त्यापेक्षा तो चिडला असता तर बरं झालं असतं.

तुमच्या चौकटीवर माझा मुख्य आक्षेप इथे आहे. ‘हे नाही चाललं तर ते’ हा क्रम तुंबलेल्या पाईपला लागूच पडत नाही. तुंबलेल्या पाईपमधून काही जात नाही, म्हणून तर तो तुंबलेला. पहिलं ओतलेलं आतच असतं आणि दुसरं त्यावर जाऊन पडतं. कॉस्टिकवर ॲसिड पडलं तर उकळून उसळतं. पांढरे कपडे धुवायचं ब्लीच आधी ओतलं असेल आणि वरून संडास धुवायचं ॲसिड पडलं, तर क्लोरीन वायू निघतो, आणि आपण खिडकी लावलेल्या चार बाय सहाच्या खोलीत त्यावर वाकून उभे असतो. उकळत्या पाण्याचंही तेच. कमोडचं भांडं तडकू शकतं, आणि पीव्हीसीचा पाईप ७५-८० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो. कढत पाण्याने साबणाचा चिकटा सुटला तरी पुढच्या गार पाईपमध्ये जाऊन पुन्हा थिजतो, म्हणजे अडचण हातभर लांब ढकलली गेली इतकंच.

रात्रभरात ते तळं झिरपून खाली गेलं. मी वर चार बादल्या साधं पाणी हळूहळू सोडलं, आणि तिसऱ्या दिवशी तो मुलगा पुन्हा आला. या वेळी मी दारातच सगळं सांगितलं. त्याने हातमोजे चढवले आणि हत्यारांच्या पिशवीला हात न लावता आधी प्रश्न विचारायला सुरुवात केली.

बेसिनचं पाणी जातं का? जातं. मग बेसिन भरून एकदम सोडा. सोडलं, तर ते फरशीवरच्या जाळीतून वर आलं. म्हणजे बेसिनचा पाईप मोकळा आहे, तो नहाणी ट्रॅपला, म्हणजे जाळीखालच्या पाणी साठवणाऱ्या भांड्याला, येऊन मिळतो आणि अडथळा ट्रॅपच्या पुढे आहे. कमोड? तो नीट चालतो. म्हणजे बाहेरची मोठी लाईन आणि चेंबर ठीक. खालच्या मजल्यावर कुणाची तक्रार? नाही. पाच मिनिटं झाली नव्हती, आणि सगळ्या घरातला बिघाड ट्रॅप ते भिंतीबाहेरचा उभा पाईप एवढ्या टप्प्यात येऊन थांबला होता. फक्त बेसिन तुंबलं असतं तर खालची बाटली, म्हणजे बॉटल ट्रॅप, उघडून दहा मिनिटांत काम झालं असतं. कमोड, बेसिन, जाळी सगळीकडून एकदम गुडगुड आवाज येऊन पाणी वर येत असतं, तर आत हात घालण्यात अर्थच नव्हता, बाहेर जाऊन चेंबरचं झाकण उघडायचं.

(बाटलीचा विषय निघाला म्हणून सांगते. ती उघडताना खाली बादली ठेवतात. भरलेली बादली रिकामी कुठे करायची, तर त्याच बेसिनमध्ये नाही. आमच्या ह्यांनी हा प्रयोग मागे एकदा केला आहे. चपला अजून वाळल्या नाहीत म्हणतात.)

मग माझ्यातली विज्ञानाची बाई जागी झाली. मी म्हटलं, अरे थांब, किती लांब तुंबलंय तेही कळेल. पाईपमधलं पाणी झिरपून जाऊ दिलं, ट्रॅपमधलं मगाने उपसलं आणि लिटरच्या मापाने मोजून पाणी ओतायला घेतलं. बारा लिटर गेल्यावर पाणी जाळीशी आलं. ट्रॅपच्या भांड्यातच दोनेक लिटर मावत असणार. उरले दहा. ७५ मिलिमीटरचा पाईप, त्याच्या एका मीटरमध्ये साधारण चार लिटर पाणी मावतं. म्हणजे अडीच मीटर, किंवा जरा कमीच, कारण ओतताना थोडं पुढे झिरपत असतंच. हे मी जुन्या बिलाच्या पाठीमागे मांडून त्याला दाखवलं. त्याने मान डोलावली, मनातून हसला असावा. मग फिरवायची स्प्रिंग, म्हणजे पाईप साफ करायची लांब लवचिक तार, आत सोडली, अडली तिथे तारेला चिकटपट्टी लावली, बाहेर काढून टेपने मोजली. सव्वादोन मीटर. “काकू, कागदाने मापलंत की!” तेवढ्या एका वाक्यावर माझे चार दिवस बरे गेले.

स्प्रिंग कशी अडते याकडे त्याने मला लक्ष द्यायला सांगितलं. बेंडला टेकली की टणक ठोका हाताला लागतो, आणि मूठ फिरवत राहिलं की तार वळून पुढे सरकते. केसांत शिरली की आधी मऊ लागतं आणि मग ती परत ढकलल्यासारखी मागे येते. तिथे जोर करून पुढे लोटायचं नाही. तीन-चार वेढे एकाच दिशेने द्यायचे, म्हणजे केस तारेला गुंडाळतात, आणि मग सावकाश मागे ओढायचं.

जे बाहेर आलं ते मी वर्तमानपत्रावर पसरून बघितलं (तुमचंच होतं, क्षमस्व). वीतभर लांब गुंतवळ, त्यावर लोण्यासारखा राखाडी साका. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून हा साका होतो. तो पाण्यात विरघळत नाही आणि केसांना धरून बसतो. सगळ्याच्या पोटात शॅम्पूच्या बाटलीचं निळं टोपण. ते बेंडवर आडवं अडकलं, त्याला पहिला केस अडला आणि मग पुढचं सगळं. त्या टोपणाला ना सोडा विरघळवणार होता, ना व्हिनेगर, ना कॉस्टिक.

टोपण आत गेलं कसं, हेही कबूल करते. मध्यंतरी काही दिवस जाळी मीच काढून ठेवली होती, पाणी लवकर जावं म्हणून. जाळीखालची उलटी वाटीसुद्धा. ती वाटी म्हणजे अडगळ असं कित्येक घरांत समजतात. खरं तर ट्रॅपमध्ये साधारण ५० मिलिमीटर पाणी कायम साठून राहावं आणि त्या पाण्याच्या पडद्याने गटाराची दुर्गंधी खालीच अडावी, म्हणून ती असते. पाणी अडवून वास रोखायची ही युक्ती वापरून अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने १७७५ साली आपल्या संडासाच्या रचनेचं पेटंट घेतलं. आजच्या प्रत्येक बाथरूममध्ये तीच युक्ती चालू आहे, आणि आम्ही वाटी काढून माळ्यावर टाकतो नि मग वास येतो म्हणून उदबत्ती लावतो.

रबरी पंपाबद्दल चौकटीत एक ओळ हवी होती. बेसिनवर तो चालवताना वरचं ओव्हरफ्लोचं भोक ओल्या फडक्याने दाबून धरायचं, नाहीतर सगळा दाब तिथूनच निसटतो. पंपाची वाटी बुडेल एवढं पाणी असू द्यायचं. हवा दबते, पाणी दबत नाही, त्यामुळे जोर थेट अडथळ्यापर्यंत जातो. आणि खाली दाबण्याइतकंच वर ओढणंही महत्त्वाचं. मात्र आधी काही रसायन ओतलं असेल तर पंपाला हात लावायचा नाही, पहिलाच शिंतोडा डोळ्यात जातो.

तेव्हा विनंती अशी की पुढच्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच आकाराची दुसरी चौकट छापावी. त्यात कोणकोणतं पाणी अडतंय ते बघायला सांगा, जाळी आणि वाटी काढून हातमोज्याने ट्रॅपमधला गाळ काढायला सांगा, मग पंप, मग स्प्रिंग. आणि काही ओतून झालंच असेल, तर येणाऱ्या माणसाला ते दारातच सांगा, हे ठळक अक्षरांत.

त्या मुलाच्या मनगटावरची कातडी आठवड्याने निघाली, डाग अजून आहे. आता तो कुठल्याही घरी गेला की पिशवी खाली ठेवायच्या आधी विचारतो, “आत काही ओतलंय का?” पहिल्या खेपेला ‘हो’ म्हणणारं घर त्याला अजून भेटायचं आहे. दुसऱ्यांदा विचारलं की मात्र बहुतेक जण म्हणतात, “थोडंसंच.”

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका