आधी तो सांधा दुरुस्त करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पाणीबचतीवरचा कालचा अग्रलेख वाचला. दात घासताना नळ बंद ठेवा, शॉवरऐवजी बादली वापरा, गाडी ओल्या फडक्याने पुसा. यातले काहीच मला अमान्य नाही. आमच्या घरी हे सगळे पाळले जाते, धुण्याचे शेवटचे पाणीसुद्धा संडासासाठी राखून ठेवतो. म्हणूनच लेख वाचून राग आला. नागरिकांना अडीच रकाने उपदेश आणि जलवाहिन्यांच्या गळतीवर जेमतेम एक ओळ!

आमच्या गल्लीच्या तोंडाशी टाकीकडे जाणारी वाहिनी जमिनीबाहेर येते. तिला दिवसरात्र पाणी असते. तिचा सांधा गेले २० दिवस गळतो आहे. पहिल्याच दिवशी तक्रार नोंदवली. चौथ्या दिवशी मोबाइलवर संदेश आला, 'आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे.' संदेश वाचला तेव्हा मी त्याच सांध्यासमोर उभा होतो आणि माझ्या चपला भिजत होत्या. पुन्हा तक्रार केली. मग एक कर्मचारी आला आणि रबराची पट्टी गुंडाळून गेला. दुसऱ्या सकाळी ती सुटून पडली होती. त्या माणसाला मी बोल लावणार नाही. नवा वॉशर त्याला दिलेलाच नव्हता, तो तरी काय करणार?

शेवटी मी घरून बादली आणली आणि घड्याळ लावले. १५ लिटरची बादली ४ मिनिटांत भरली. तीनदा मोजले, तीनदा तेच. म्हणजे तासाला २२५ लिटर, दिवसाला ५,४००. आपल्या लेखात माणशी १३५ लिटरचे प्रमाण दिले आहे. त्या हिशेबाने हे ४० माणसांचे रोजचे पाणी झाले. २० दिवसांत लाखभर लिटर रस्त्यावरून गटारात गेले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वेगाडी गेली, तेव्हा तिच्या १० वाघिणींत मिळून सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. त्यातल्या दोन वाघिणी आमच्या एका सांध्याने रिकाम्या केल्या, असे समजा. आणि आम्ही दात घासताना नळ बंद करायचा! करतोच आहोत, पण मनाला लागते.

केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २००८ मध्ये शहरांसाठी मापदंड ठरवले. त्यांत १३५ लिटरबरोबरच बेहिशेबी पाणी, म्हणजे गळती, चोरी वगैरेंमुळे ज्याचे बिलच होत नाही ते, २० टक्क्यांच्या आत असावे, असेही म्हटले आहे. पहिला आकडा आपण छापलात. दुसरा का गाळलात? आपल्या शहराचा हा आकडा किती, हे प्रशासनाला विचारून छापावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

गळतीत नुसते पाणीच वाया जाते असेही नाही. पुरवठा बंद ठेवला की वाहिनीतला दाब जातो आणि जमिनीखालच्या फुटक्या सांध्यांतून आजूबाजूचे घाण पाणी आत ओढले जाते. पाणी पुन्हा सुरू झाले की सुरुवातीला नळाला गढूळ येते, ते सोडून द्यावे लागते. तेही वायाच. लहान मुले आणि आजारी माणसे असलेल्या घरांनी काय करायचे?

जाता जाता आणखी एक. 'उद्या पाणी नाही' ही सूचना आपण आतल्या पानावर, जाहिरातींच्या खाली, बारीक अक्षरांत छापता. गेल्या आठवड्यात आमच्या शेजारच्या आजींच्या ती नजरेतून सुटली. दोन दिवस त्यांना शेजाऱ्यांकडून कळशीने पाणी न्यावे लागले. ही सूचना पहिल्या पानावर, कोणत्या भागात कधीपासून कधीपर्यंत बंद, अशा स्पष्ट शब्दांत आली पाहिजे.

आज सकाळी पुन्हा जाऊन पाहिले. धार तशीच आहे. बादली मी सांध्याखालीच ठेवली आहे आणि भरेल तशी कडेच्या झाडांना घालतो. रात्री मात्र ती ओतायला तिथे कोणी नसते. आपला वार्ताहर पाठवलात, तर मी जागा दाखवीन.

आपला,
एक जुना वाचक