घरच्या कुत्र्याशी कसं वागावं, हे मुलांना शिकवा

संपादक महोदय,

खानापूर, निपाणी भागात शेतावरच्या घरी राखणीला कुत्रं असतंच. 'आमचा मोत्या काही करत नाही' या भरवशावर घरातली माणसं रांगतं मूल त्याच्याजवळ सोडून कामाला लागतात. हे थांबायला हवं. कुत्रं सहसा आधी इशारा देतं: तोंड फिरवतं, ओठ चाटतं, शेपूट पायांत घालतं, अंग ताठ करतं, मग गुरगुरतं. गुरगुरलं म्हणून त्याला मारू नये. मार खाऊन ते गुरगुरणं सोडतं आणि पुढच्या वेळी थेट चावतं.

आमच्या नातीला आम्ही शिकवलंय, मोत्या भाकरी खात असेल किंवा झोपला असेल तर जवळ जायचं नाही. हाक मारायची, आपणहून आला तर खांद्यावरून हात फिरवायचा, गळ्यात पडायचं नाही. व्यालेल्या कुत्रीपासून तर लांबच.

दात किंवा नख लागलंच, तर हळद-चुना न लावता जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवावी आणि लगेच दवाखाना गाठावा, कुत्रं घरचं असलं तरी. अंगणवाड्यांतून हे मराठी-कन्नड दोन्ही भाषांत शिकवावं, ही कळकळीची विनंती.

– एक आजोबा, खानापूर (जि. बेळगाव)