आत्याच्या पैशांचं काय करायचं, माझं म्हणणं सविस्तर

ती. बाबा आणि आईला साष्टांग नमस्कार, दादा-वहिनीला नमस्कार, पोरांना खूप खूप पापे.

दुबईहून फोनवर बोलायला बसलो की सगळे एकदम बोलतात, त्यात नेट मधेच जातं, आणि परवा दादा अर्ध्यातून उठून गेला, म्हणून म्हटलं नीट लिहूनच पाठवू. आत्याच्या तेराव्याला आलो होतो तेव्हा घरात एवढी माणसं होती की पैशाचा विषय काढणंच बरं वाटलं नाही. दादा, हे तू मोठ्याने वाच, बाबांना मोबाईलवरचं बारीक अक्षर दिसत नाही. आणि शेवटपर्यंत वाच, मग काय बोलायचं ते बोल.

आत्याने मृत्युपत्रात माझं नाव घातलंय हे आपल्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. बँकेत ११ लाखांची एफडी, पोस्टात सिनियर सिटिझन योजनेत ६ लाख, पतसंस्थेत ३ लाख आणि पाटल्यांचा जोड. मनपाच्या शाळेतल्या एका बाईने पगारातून आणि नंतर पेन्शनमधून साठवलेला हा पैसा आहे. कसा साठवला ते आपण सगळ्यांनी बघितलंय. कडक भाकरी, शेंगाचटणी, वर दही असलं तर असलं, आणि सात रस्ता चौकापर्यंत जायचं असलं तरी रिक्षा नाही, पायी. पण माझ्या डिप्लोमाच्या फीला, दादाच्या लग्नाला, आईच्या ऑपरेशनला तिने कधी हात आखडला नाही. म्हणून मला असं वाटतं की हा पैसा लॉटरी लागल्यासारखा वापरायचा नाही. तिने एकेक रुपया जसा विचार करून ठेवला तसाच विचार करून तो बाहेर काढायचा.

प्रत्येकाच्या मनात काय आहे ते मला कळलंय. दादाला आपल्या टॉवेलच्या कारखान्यात दोन नवीन माग टाकायचेत, वहिनीला वरचा मजला चढवायचाय, आईला जुळे सोलापूरला प्लॉट बघायचाय, आणि काका म्हणतात सगळं म्युच्युअल फंडात टाक आणि विसरून जा. यातलं एकही वाईट नाही. पण आधी आपल्या डोक्यावर काय आहे ते एकदा समोर मांडू, कारण हे आपण कधीच एका कागदावर मांडलेलं नाही, थोडं बाबांना माहीत, थोडं दादाला, थोडं मला.

सावकाराचे ३ लाख, शेकडा दोनने. माझं पर्सनल लोन ४ लाख राहिलंय, १४ टक्के. कारखान्याचं कर्ज ६ लाख, ११ टक्के. आणि घराचं ९ लाख, साडेआठ टक्के. झाले २२ लाख. आत्याचे सगळे मिळून २०. म्हणजे सगळं फिटत नाही हे आधी मान्य करू, आणि मग ठरवू कुठलं आधी.

शेकडा दोन ऐकायला बारीक वाटतं पण ते महिन्याचं आहे, वर्षाचे २४ टक्के होतात. दर महिन्याला ६ हजार फक्त व्याज, वर्षाला ७२ हजार, आणि मुद्दल तिथल्या तिथे. आईच्या ऑपरेशनच्या वेळी दुसरा मार्ग नव्हता, त्याबद्दल कुणाला काही म्हणायचं नाहीये, त्या पैशाने आई आज आपल्यात आहे. पण बाबा दर १ तारखेला त्या माणसाच्या दारात जाऊन उभे राहतात आणि तो आत बसून त्यांना ताटकळत ठेवतो, हे मला इथे बसून सहन होत नाही. बाबा, तुम्ही हे मला कधी सांगितलं नाही, वहिनीने सांगितलं. सगळ्यात पहिला पैसा तिथे जाणार. यावर मी कुणाचं ऐकणार नाही.

त्यानंतर माझं पर्सनल लोन आणि मग कारखान्याचं. तिन्ही मिळून १३ लाख. या तिघांचं वर्षाचं व्याज धरलं तर ७२, ५६ आणि ६६ हजार, म्हणजे १ लाख ९४ हजार. तेच १३ लाख एफडीत ठेवले आणि साडेसहा टक्के मिळाले तर ८४ हजार ५००. त्यात मी एनआरआय, पैसा एनआरओ खात्यात (परदेशी राहणाऱ्याचं भारतातलं खातं) येणार आणि त्या व्याजावर बँक आधीच ३१.२ टक्के टीडीएस कापते (कागदपत्रं देऊन तो कमी करता येतो, पण ते पुढचं पुढे). हातात उरतात ५८ हजार. म्हणजे इकडे ५८ हजार कमवायचे आणि तिकडे जवळपास २ लाख भरायचे. काका, म्युच्युअल फंडाचंही हेच आहे हो, २४ टक्के खात्रीने देणारा फंड कुणी दाखवला तर मी लगेच पैसे घालतो, पण सावकाराचे २४ टक्के मात्र खात्रीने जातात.

बाबा, तुम्ही विचारलं होतं वारसाने आलेल्या पैशावर टॅक्स किती. काही नाही. इस्टेट ड्युटी १९८५ सालीच बंद झाली. पुढे जे व्याज येईल त्यावर टॅक्स, मूळ रकमेवर नाही. दादाच्या नावावरचं कारखान्याचं कर्ज मी भरलं तरी त्याला टॅक्स नाही, भावाने भावाला दिलेलं त्यात धरत नाहीत.

घराच्या कर्जाला मात्र आत्ता हात लावायचा नाही. त्याचं व्याज सगळ्यात कमी आहे आणि हप्ता माझ्या पगारातून जातोय तसा जाऊ दे. ते फ्लोटिंग रेटचं आहे त्यामुळे मधे कधीही जास्तीचे भरले तरी बँकेला दंड लावता येत नाही. वरची तीन कर्जं गेली की महिन्याला ३२ हजारांच्या आसपास मोकळे होतात. त्यातले १५ हजार दर महिन्याला घराच्या कर्जात जास्तीचे टाकायचे, बाकी घरखर्चाला. वहिनी, वरचा मजला मी नाही म्हणत नाही, पण घराचं कर्ज निम्म्यावर आल्यावर. पोरं मोठी व्हायलीत, त्यांना खोली लागणार आहे हे मला पण कळतं.

आता दादा, माग. तू रागावलास ते मला कळलं, तुला वाटलं की दुबईत बसून हा मला धंदा शिकवतोय. तसं नाही रे. मी रोज टॉवेलच बघतो. आमच्या लाँड्रीत दिवसभर हॉटेलच्या खोल्यांमधले टॉवेल येतात, पांढरे, जाड, आणि पहिल्या धुलाईपासून ते फेकायला काढेपर्यंत त्यांचं काय होतं ते माझ्या डोळ्यासमोर असतं. आधी काठ जातो. शिलाई उसवते, मग काठाजवळचे लूप ओढले जातात, ड्रायरच्या गरम हवेत ते आणखी सुटतात आणि टॉवेल एका बाजूने आखडल्यासारखा दिसायला लागतो. तसा दिसला की सुपरवायझरने बाजूला काढायचा, त्याची फडकी होतात. नवीन लॉट आला की मी पहिल्यांदा काठच बघतो, अंगठ्याने दाबून. जे टिकतात ते एअरजेटवरचे (हवेच्या झोतावर चालणारे माग), दुहेरी शिलाईचे, एका मापाचे. हजार नग घेतले तर हजाराचं वजन सारखं. पर्चेसवाले एवढंच विचारतात, वजन सारखं आहे का आणि वेळेवर येणार का. सोलापूरच्या टॉवेलला आणि चादरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय ही अभिमानाची गोष्ट आहे, आपल्या बाबांनी आयुष्य त्यात घातलंय, पण आपल्या कारखान्यातले साधे माग अजून दोन वाढवून हे काम मिळणार नाही. सुताचा भाव आणि लाईट बिल तूच मला सांगतोस. आधी ऑर्डर हातात येऊ दे, निदान वर्षभराची, मग मागाचं बघू, आणि तेव्हा कारखान्यावर बोजा नसेल तर बँक तुला आजच्यापेक्षा चांगल्या दराने देईल. बोजा उतरवणं म्हणजे तुझा धंदा सोडवणं आहे, अडवणं नाही. मी इथे पर्चेसच्या माणसाशी बोलून ठेवलंय, तो सॅम्पल बघायला तयार आहे. तू सहा सॅम्पल काढ, दुहेरी काठाचे, प्रत्येकाचं वजन लिहून. मी येताना घेऊन जातो.

१३ गेले, पतसंस्थेचे ३ सोडून राहिले ४. त्यातले ३ लाख बाजूला, कशालाही न वापरता. आई, प्लॉट नाही, हे पैसे. तुझ्या आणि बाबांच्या नावावर एफडी करायची, मी तुम्हाला ते बक्षीस म्हणून देतो, सिनियर सिटिझन म्हणून व्याजही थोडं जास्त मिळेल. कारण सांगतो. इथल्या नोकरीला पेन्शन नाही. सुटली की ग्रॅच्युइटी, पहिल्या ५ वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांचा बेसिक पगार, पुढे ३० दिवसांचा, आणि मग घरी. उद्या माझी नोकरी गेली किंवा घरात कुणाला दवाखाना लागला तर परत त्याच सावकाराच्या दारात जायची वेळ यायला नको. आजवर आपण कर्ज फेडत आलो आणि प्रत्येक वेळी काहीतरी झालं की नवीन काढत आलो, कारण हातात कधी काही नव्हतंच.

राहिला १ लाख. तो मला आत्याच्या शेजारच्या अक्कांच्या मुलीसाठी द्यायचाय.

यावर फोनवर सगळे गप्प झाले होते म्हणून सविस्तर लिहितो. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी आत्याची खोली आवरायला गेलो होतो. अक्का दारातच बसल्या होत्या, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि भिजवून कापलेली तेंदूची पानं. बोलता बोलता हात चालूच, पान घ्यायचं, तंबाखू पसरायची, वळायची, टोक दुमडायचं, दोरा गुंडाळायचा, बघायचं सुद्धा नाही. आत्या शेवटचे दोन महिने रात्री एकटी नव्हती, अक्का तिच्या खोलीत चटई टाकून झोपायच्या. रात्री पाणी मागायची, कधी बाथरूमला न्यावं लागायचं, आणि सकाळी उठून यांना परत हजार विड्या वळायच्या. हे त्या मला कौतुकाने सांगत नव्हत्या, मी विचारलं म्हणून सांगत होत्या. पैशाचं नाव काढलं तर त्यांनी सूप उचललं आणि आत गेल्या. त्यांची मुलगी नर्सिंगला आहे आणि दुसऱ्या वर्षाची फी राहिलीये, हे मला आत्याच्या वहीत सापडलं. तिने स्वतः पहिल्या वर्षाची भरली होती, तारखेसकट लिहिलंय. म्हणजे मृत्युपत्रात नसलं तरी आत्याच्या मनात काय होतं ते स्पष्ट आहे. पैसे अक्कांच्या हातात द्यायचे नाहीत, त्या घेणार नाहीत. सरळ कॉलेजमध्ये फी भरायची आणि पावती आईने नेऊन द्यायची. आई, हे तूच कर, तुझं त्या ऐकतील.

पतसंस्थेचे ३ लाख मी मुद्दाम हिशोबात धरले नाहीत. बँकेत ५ लाखांपर्यंत ठेवीला विमा असतो, पतसंस्थेला तो नाही. फेऱ्या मारायला लावतायत म्हणून दादा सांगत होता. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. आले की घराच्या कर्जात. पाटल्या मोडायच्या नाहीत, आईकडे राहू देत, पुढे छकुलीला.

आत्तोबांच्या पुतण्यांचा फोन आला होता असं बाबा म्हणाले. त्यांच्याशी कुणी चढ्या आवाजात बोलू नका. मृत्युपत्र नसतं तर खरंच मूलबाळ नसलेल्या बाईची स्वतःची कमाई हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ प्रमाणे आधी नवऱ्याच्या वारसांकडे गेली असती, माहेरचे नंतर. त्यामुळे त्यांना विचारायचा हक्क आहे. पण आत्याने दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन रजिस्टर केलंय, आणि राहतं घर त्यांच्या भावकीचं होतं ते त्यांच्याकडेच आहे. त्यांना घरी बोलवा, चहा द्या, मृत्युपत्राची कॉपी दाखवा. आत्या त्या घरात चाळीस वर्षं नांदली, तिच्या मागे तिच्या पैशावरून तमाशा झालेला मला चालणार नाही.

आता लगेच करायची कामं. दादा, मृत्यूच्या दाखल्याच्या दहा कॉपी काढून ठेव. पोस्टातलं आधी घ्या, कारण मृत्यूच्या तारखेपासून त्या ६ लाखांवर नुसतं सेव्हिंगचं व्याज चालू आहे. बाबा नॉमिनी आहेत म्हणून बँक आणि पोस्ट पैसे त्यांच्या खात्यात देतील, ते तिथून माझ्या एनआरओला पाठवायचे. कारखान्याचं कर्ज बंद करताना बँकेकडून एनओसी घ्यायची आणि सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावरचा बोजा कमी करून घ्यायचा. मूळ कागद बँकेने लवकरात लवकर परत द्यायला पाहिजेत, मॅनेजरला सांग.

सावकाराकडे मात्र मी येईपर्यंत कुणी जायचं नाही. गड्ड्याच्या जत्रेला सुट्टी मंजूर झालीये, संक्रांतीच्या आधी पोचतो. बाबांनी सही करून दिलेले तीन कोरे चेक आणि स्टॅम्प पेपर त्याच्याकडे आहेत, ते हातात आल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत, आणि पैसे चेकने किंवा आरटीजीएसने, रोख नाही. वकिलांना मी विचारलंय, कागद द्यायला कां कूं केली तर जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते, २०१४ चा सावकारी कायदा आहे. बाबा, आपण दोघं जाऊ. त्या दिवशी तुम्ही दारात उभं राहायचं नाही, आत जाऊन खुर्चीवर बसायचं.

दादा, सॅम्पलचं विसरू नको. आणि वाचून झाल्यावर रागात असलास तरी फोन कर.

तुमचा,
बाळू