कव्हर नसलेली सीडी

शहापूर, बेळगाव
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय दोस्ता,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी उद्यमबागेत सेकंड शिफ्टला होतो आणि ओतकाम चालू होतं. भट्टीच्या आवाजात एवढंच कळलं, "संपला गेम. फसवलं मर्दा आपल्याला." पुढचं काही ऐकू आलं नाही. घरी येऊन फोन लावणार होतो, खरं हा विषय फोनवर उरकण्यासारखा नाही. 'मेटल गिअर सॉलिड' मालिकेतला 'द फँटम पेन' हा व्हिडिओ गेम खेळ म्हणून किती वर्षं तुझ्या मागं लागलोय. आता खेळलास आणि चिडलास. म्हणून वही घेऊन बसलोय. बाहेर पाऊस थांबायचं नाव घेत नाही, आणि उद्या सुट्टी आहे.

आधी तुझं बरोबर आहे ते सांगतो. ३१ व्या मिशनला सहेलान्थ्रोपस, तो अजस्र चालता रणगाडा, पाडला की पहिला भाग संपतो. दुसऱ्या भागात बरीचशी जुनीच मिशनं परत समोर येतात, नुसती जास्त अवघड करून. ४६ व्या मिशनला सायप्रसच्या हॉस्पिटलमधलं सुरुवातीचंच सरपटणं पुन्हा करायला लागतं, जवळजवळ जसंच्या तसं. एलाय नावाचा मुलगा बाकीच्या पोरांना घेऊन सहेलान्थ्रोपस पळवतो आणि त्याचं पुढं काय झालं ते गेम सांगतच नाही. ते सांगणारं ५१ वं मिशन कलेक्टर्स एडिशनच्या ब्ल्यू-रे डिस्कवर, तेही अर्धवट तयार झालेलं. ज्यानं साधा गेम घेतला त्याच्या हाती काय? २०१५ च्या सप्टेंबरात गेम आला तेव्हापासून खेळणारे यावरून भांडताहेत, आणि चिडलेल्यांच्या बाजूनं मी आजही उभा राहीन.

दुसरा एक गट आहे, तो तुला भेटला असेलच. ते म्हणतात, नावच 'फँटम पेन' आहे. तुटलेला हात दुखतो, तसा नसलेला शेवट खेळणाऱ्याला दुखावा म्हणून मुद्दाम असा ठेवलाय. हे मला पटत नाही. आमच्याकडं साच्यात धातू कमी पडला आणि नगाचा कोपरा भरला नाही, तर तो नग भंगारात जातो. त्याला कुणी कलाकुसर म्हणत नाही. गेमचा दिग्दर्शक हिदेओ कोजिमा आणि गेम काढणारी कंपनी कोनामी यांचं त्याच वर्षी फाटलं. वेष्टनावरून कोजिमाचं नाव निघालं, आणि डिसेंबरात तो बाहेर पडून स्वतंत्र झाला. आत मात्र प्रत्येक मिशनच्या सुरुवातीला त्याचं नाव येतच राहतं. अशा भांडणात काम अपुरं राहतं, आणि अपुऱ्याला अपुरंच म्हणावं.

तरीही हा गेम मी उराशी धरून आहे. का, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल.

आठवतंय, धारवाडच्या मामांनी तुला जुनं प्लेस्टेशन दिलं होतं? आपण सातवीत होतो. पहिला 'मेटल गिअर सॉलिड' १९९८ चा, आपल्या हातात आला त्याला चार-पाच वर्षं उलटून गेली होती, तीही कॉपी मारलेली सीडी, प्लास्टिकच्या पारदर्शक पाकिटात. मेरिल या पात्राशी रेडिओवर बोलायची फ्रिक्वेन्सी सीडीच्या कव्हरच्या मागं आहे असं गेम सांगतो. आपल्याकडं कव्हरच नव्हतं! गेममधलीच कुठली तरी सीडी असेल म्हणून आपण शॅडो मोझेसच्या, म्हणजे गेममधल्या तळाच्या, खोल्या पुन्हा पुन्हा पालथ्या घातल्या. शेवटी तू १४० पासून एकेक आकडा फिरवत बसलास आणि १४०.१५ ला तिचा आवाज आला. तू एवढ्यांदा ओरडलास की खालून तुझ्या आई, अव्वा, वर आल्या.

तो दिवस १ नोव्हेंबरचा होता. म्हणूनच आपण माळ्यावर होतो, गल्ली बंद होती. आमचे बाबा दंडाला काळी फीत लावून फेरीला गेलेले. तुमच्या घरी अव्वांचा कन्नड राज्योत्सव आणि काकांचा, सीमाभागातल्या मराठी माणसाचा, काळा दिवस, दोन्ही एकाच स्वयंपाकघरात. तरी दुपारी सगळे एका पंगतीला बसले आणि अव्वांनी मला विचारलं, "ऊट आतेनू?" मला तेव्हा एवढंच कन्नड येत होतं, म्हणून म्हणालो, "आतरी." आणि जेवलो नसतानाच झालं म्हणालो म्हणून तू माझी थट्टा केलीस.

आता 'फँटम पेन'कडं ये. तू घाईत खेळलास असं मला वाटतं. (राग मानू नकोस, तू परीक्षेचा पेपरसुद्धा असाच सोडवायचास.) त्या गेमचं खरं वैभव छपून खेळण्यात आहे. मी सुरुवातीला लांबून डोक्यात भूल देणारी गोळी घालत होतो. थोड्या दिवसांनी सगळे शिपाई हेल्मेट घालून फिरायला लागले. मग रात्री जायला लागलो, तर त्यांच्याकडं अंधारात दिसणारे चष्मे आले. मग आपलीच माणसं पाठवून त्यांचा हेल्मेटचा पुरवठा तोडायचा. समोरचा आपल्याकडून शिकतोय, तेव्हा आपली सवय आपणच मोडायची. कुठल्याही भागात इतका जिवंत शत्रू नव्हता. अफगाणिस्तानात वाळूचं वादळ उठलं की मी चौकीच्या मधोमध चालत जायचो, हातभर अंतरावरचा शिपाईसुद्धा मला बघू शकत नसे. अशा दहा-वीस रात्री मिळाल्यावर शेवट लंगडा निघाला तरी मी त्या रात्री परत करणार नाही.

खरं मला तुझ्याशी बोलायचंय ते भाषेबद्दल.

रशियन शिपायाला धरून दरडावलं तर तो बोलतो, पण कळत काही नाही. आधी रशियन जाणणारा दुभाषी शोधून आपल्या फौजेच्या तळावर आणावा लागतो. आफ्रिकेत गेलं की किकोंगोसाठी वेगळा, आफ्रिकान्ससाठी वेगळा. कित्येकांना ही कटकट वाटली. मला त्या वेळी तो कचेरीतला दिवस आठवला, बाबांच्या शेताच्या कागदांसाठी आपण तिघं गेलो होतो तो. सगळा फॉर्म कन्नडमध्ये, खिडकीतला माणूस वर बघायला तयार नाही, आणि बाबा साठाव्या वर्षी पोरासारखे उभे. तू पुढं झालास, त्याच्याशी दोन वाक्यं बोललास आणि त्याचा चेहराच बदलला. त्यानं खुर्ची दिली, हो. येताना बाबा बसमध्ये काही बोलले नाहीत. घरी आल्यावर आईला म्हणाले, "पोरगं नसतं तर परत यावं लागलं असतं." ते तुझ्याबद्दल बोलत होते. हे तुला आजवर सांगितलं नव्हतं.

पुढं तळावर साथ येते. माणसं पटापट मरतात, कारण कळत नाही. मग आपण माणसांच्या यादीत शोधायला लागतो आणि लक्षात येतं, आजारी पडलेल्यांच्या नावापुढं एकच भाषा आहे, किकोंगो. घशातला जंतू ठरावीक भाषेचे आवाज ऐकून जागा होतो. आपल्याला काय करावं लागतं? ती भाषा बोलणारी आपलीच माणसं यादीतून निवडून वेगळी काढावी लागतात. मी ती यादी लावली आणि कंट्रोलर खाली ठेवला. १९५६ साली भाषेवरून राज्यं आखली गेली आणि आपला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून इथं माणसाच्या नावापुढं कुठली भाषा लिहिली आहे यावर किती काय ठरत आलंय, हे तुला मी काय सांगू? गेम बनवणाऱ्या जपानी माणसाला बेळगाव ठाऊक असण्याचं कारण नाही. तरी त्यानं ती यादी माझ्या हातात दिली.

हा जंतू सोडणारा गेमचा खलनायक स्कल फेस वाईट आहेच. पण त्याचं दुःख खोटं नाही. लहानपणीच त्याचा गाव गेला, भाषा गेली, पुढं जो मालक येईल त्याची भाषा बोलावी लागली आणि प्रत्येक भाषेनं तो माणूस म्हणून बदलत गेला. म्हणून त्याला इंग्रजीच मारायची आहे, ती बोलणाऱ्या माणसांसकट. बरेच खेळाडू म्हणतात, खलनायक कमकुवत होता, जीपमध्ये बसून लांबलचक भाषण देतो. भाषण लांब आहे, मान्य. मला ते तोंडपाठ आहे, हेही खरं.

आता तुमचं घर घे. तो जंतू तुमच्या घरात आला असता तर? अव्वांनी दारात "ऊट आतेनू?" विचारलं की संपलं. त्यांना वाचवायचं तर त्यांनी तुझ्याशी आपल्या भाषेत बोलणं थांबवायला हवं, तू त्यांच्याशी. काकांना वाचवायचं तर मराठी बंद. आणि तू? तुझ्या गळ्यात तर दोन्ही. इथं बाजारात एकच बाई कन्नडमध्ये भाव सांगते, मराठीत घासाघीस करते आणि उर्दूत शेजारणीला हाक मारते. अशा गळ्याचा हिशेब स्कल फेसकडं नव्हता. एका माणसाला एकच भाषा हे गृहीत धरूनच त्याची सगळी योजना उभी होती.

४३ व्या मिशनबद्दल तू फोनवर काही बोलला नाहीस. जंतू बदलतो, पुन्हा उठतो, आणि विलगीकरणाच्या इमारतीत आपल्याच लोकांवर गोळ्या घालाव्या लागतात. ज्यांना आपण स्वतः फुगा बांधून आकाशातून आणलं, तेच. तळघरात ते रांगेत उभे राहून सलाम करतात आणि आपण चाप ओढेपर्यंत गेम पुढं जात नाही. गेलेली माणसं यादीत परत येत नाहीत. नंतर त्यांची राख समुद्रात सोडायची वेळ येते, तर गेमचा नायक ती सोडत नाही, तिचे हिरे करून अंगावर वागवायचे ठरवतो. माझ्यासाठी मालिका तिथं संपली. ५१ वं मिशन पूर्ण असतं तरी याच्या पुढं काय सांगितलं असतं?

आरशातलं गुपित, म्हणजे आपण मालिकेतला तो दंतकथा झालेला सैनिक, खरा बिग बॉस, नव्हतोच, त्याचा एक वैद्यकीय सहायक होतो, यावर तुझा सगळ्यात जास्त राग आहे असं दिसतं. मी तिथं फार रेंगाळत नाही. १९८७ च्या पहिल्या 'मेटल गिअर'मध्ये ज्याला आपण हरवतो तो कोण, हे शेवटी दिसणाऱ्या कॅसेटवरच्या नावानं कळतं आणि वर्तुळ जुळतं. हुशारी आहे. मनाला मात्र चटका बसला नाही. २००८ चा चौथा भाग उलटा आहे, तिथं म्हाताऱ्या स्नेकला, त्या भागाच्या नायकाला, त्या भाजणाऱ्या बोगद्यातून सरपटवताना माझी बोटं दुखली होती आणि डोळे भरले होते, पण नंतर तासभर सगळे सगळं समजावून सांगत राहतात. एकानं जास्त सांगितलं, एकानं सांगायचं ठेवलं.

आणि क्वाएट, आपल्या बाजूची ती नेमबाज बाई. तिच्या कपड्यांबद्दल तू जे म्हणतोस त्याला माझा पूर्ण पाठिंबा. त्वचेतून श्वास घेते म्हणे! बहीण खोलीत आली की मी टीव्ही बंद करत होतो, आणि त्याची लाज मला वाटायला नको होती, बनवणाऱ्यांना वाटायला हवी होती. एवढी ताकदीची बाई लिहिली आणि तिला असं उभं केलं. कारण ४५ वं मिशन बघ. तिच्या घशात इंग्रजीचा जंतू आहे म्हणून ती गेमभर गप्प. नायकाला साप चावतो, वादळात हेलिकॉप्टरला जागा सापडत नाही, तेव्हा ती रेडिओवर इंग्रजीत बोलून वाट दाखवते आणि मग एकटी वाळवंटात निघून जाते. मरणाची भाषा, तीही मित्रासाठी बोलली. तू खिडकीपाशी पुढं झाला होतास तेव्हा तुला काही गमवावं लागलं नाही, हे आपलं नशीब.

नंतरच्या अपडेटमध्ये ११ वं मिशन सात वेळा खेळलं की ती परत येते. आपल्या फौजेच्या चिन्हात फुलपाखरू लावलं तर मुळात जातच नाही. मी दोन्ही केलं नाही. तू काय केलंस ते कळव.

गणपतीला येतोयस ना? रजा आत्ताच टाक, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवसाचीसुद्धा, कपिलेश्वर तलावावर सगळे गणपती पोचेपर्यंत उजाडतंच. येताना तुझी सेव्ह फाइल घेऊन ये. ४३ वं मिशन तू कसं खेळलास ते मला बघायचंय. कुठल्या खोलीत थांबलास, किती वेळ थांबलास.

बाबांचे गुडघे बरे आहेत. तुझी चौकशी करत असतात. बंगळूरला अव्वांना करमतंय का? त्यांनी विचारलं तर सांग, माझं झालं, आतरी. आज खरंच जेवलोय.

तुझा,
माळ्यावरचा पार्टनर