निलगिरी म्हणजे नेमके कोणते झाड?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत पावसाळी सर्दी-खोकल्यावरील घरगुती उपायांचा लेख नुकताच वाचला. आले, तुळस, हळद यांच्याबद्दल त्यात लिहिलेल्या गोष्टींशी माझा वाद नाही. निलगिरीच्या परिच्छेदाबाबत मात्र लिहिल्यावाचून राहवत नाही. परिसरातल्या निलगिरीची मूठभर पाने पाण्यात उकळून वाफारा घ्यावा, निलगिरी तेलाचे चार-पाच थेंब मधातून चाटावेत आणि तान्ह्या बाळाच्या छातीला व नाकपुड्यांना तेच तेल चोळावे, असे तीन सल्ले त्यात एका दमात दिले आहेत आणि वर हा 'प्राचीन आयुर्वेदिक' उपाय असल्याचे म्हटले आहे. मी साताऱ्यात एकतीस वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले. माझ्या घरातल्या कपाटात निलगिरी तेलाची बाटली आजही असते आणि नाक चोंदले की मी ती वापरतोही. म्हणजे या झाडाशी माझे वैर नाही. ज्या ढोबळपणे त्याच्याविषयी लिहिले जाते त्याची मला काळजी वाटते.

सुरुवात नावापासूनच करतो. निलगिरी हे मुळात पर्वताचे नाव आहे. ऑस्ट्रेलियातले हे झाड आपल्याकडे आधी म्हैसूर राज्यातल्या नंदी टेकडीवर, टिपू सुलतानाच्या काळात, १७९० च्या सुमारास आले. पुढे १८४३ पासून इंग्रजांनी निलगिरी पर्वतावर ते मुख्यतः जळणासाठी लावले, तिथल्या पानांपासून तेल निघू लागले आणि पर्वताचे नाव मराठीत झाडाला चिकटले. तमिळ माणूस याला नुसते 'तैलमरम', म्हणजे तेलाचे झाड, म्हणतो. जे झाड या भूमीवर येऊन जेमतेम सव्वादोनशे वर्षे झाली, ते चरक-सुश्रुतांना ठाऊक असण्याचा संभवच नाही. 'तैलपर्ण' हे त्याचे संस्कृत नाव नंतर घडवलेले आहे. नवे औषध वाईट असते असे मुळीच नाही, पण प्राचीनतेचा शिक्का बसला की माणूस मात्रेचा विचार करणे सोडून देतो, हा अनुभव आहे.

निलगिरीच्या सातशेहून अधिक जाती आहेत. औषधी तेल प्रामुख्याने ज्या जातीचे असते ती युकॅलिप्टस ग्लोब्युलस, म्हणजे टास्मानियातला 'ब्लू गम', उटी-कुन्नूरच्या थंड हवेत फोफावतो. आपल्या पठारावरच्या उन्हात तो नीट तग धरत नाही. १९८० च्या दशकात सामाजिक वनीकरणातून महाराष्ट्रात बांधावर, रस्त्याकडेला, पडीक रानात जी निलगिरी लागली, ती बहुतांशी युकॅलिप्टस टेरेटिकॉर्निसची, ज्याला 'म्हैसूर गम' म्हणतात तो प्रकार. ती लावली बल्ल्यांसाठी आणि कागदाच्या लगद्यासाठी, औषधासाठी नव्हे. ओळखायची असेल तर कळी पाहावी: तिच्यावरची टोपी शिंगासारखी लांब, टोकदार असते आणि टेरेटिकॉर्निस या नावाचा अर्थही तोच, गोल शिंगाची. ब्लू गमची कळी याउलट मोठी, खडबडीत, चार धारांची आणि मेणचट पांढुरकी असते. त्याच्या कोवळ्या फांद्या चौकोनी, आणि त्यांवरची पाने समोरासमोर, देठाविना फांदीला बिलगलेली, निळसर राखाडी. त्यांवर बोट फिरवले की पांढरी भुकटी बोटाला लागते. मोठ्या झाडाची पाने मात्र दोन्हींकडे लांब आणि विळ्यासारखी वाकडी असल्याने, खाली पडलेले पान पाहून ओळख पटवणे सामान्य माणसाला अवघडच.

हा भेद केवळ वर्गात शिकवण्यापुरता नाही. तेलाचा मुख्य गुण ज्यामुळे येतो ते सिनिओल नावाचे द्रव्य औषधी दर्जाच्या तेलात किमान सत्तर टक्के असावे लागते. म्हैसूर गमच्या पानांत तेल कमी, आणि त्यातले सिनिओलचे प्रमाण झाडागणिक बदलते. शिवाय हमरस्त्याच्या कडेच्या पानांवर धूळ-धूर बसलेला असतो. ती पाने उकळून नेमके काय हाती लागते, याची खात्री कोणीच देऊ शकत नाही.

तिसरी जात बागांमध्ये शोभेसाठी लावलेली, गुळगुळीत पांढऱ्या-गुलाबी बुंध्याची. हिला लिंबू-निलगिरी म्हणतात. १९९५ पासून वनस्पतिशास्त्राने तिला युकॅलिप्टसमधून काढून कॉरिम्बिया सिट्रिओडोरा हे नाव दिले आहे. तिचे पान चुरडून हुंगले की थेट गवती चहाची आठवण येते. माझे विद्यार्थी सहलीला ती पाने वहीत घालून आणत आणि आठवडाभर वहीला वास येई. या तेलात सिनिओल नावालाच असते, भर सारा सिट्रोनेलाल या दुसऱ्या सुगंधी द्रव्याचा. त्यामुळे चोंदलेल्या नाकासाठी ते वापरण्यात अर्थ नाही. डास पळवण्यात मात्र त्याची ख्याती आहे. तिथेही एक खबरदारी घ्यायला हवी. परदेशात डासांविरुद्ध ज्याची शिफारस होते ते या तेलावर प्रक्रिया करून बनवलेले द्रव्य असते, पानांतून निघालेले कच्चे तेल नव्हे, आणि तेसुद्धा तीन वर्षांखालील मुलांना लावू नये असे सांगितले जाते. सुगंधी तेलांच्या दुकानात अलीकडे 'रेडिएटा' जातीचे तेल लहान मुलांसाठी 'सौम्य' म्हणून विकले जाते. त्यातही सिनिओल भरपूर असते, तेव्हा त्या शब्दावर विसंबू नये.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो, ते सांगतो. काही वर्षांपूर्वीच्या एका श्रावणात आमच्या शेजारच्या घरात रात्री दिवे गेले होते. तीन वर्षांचा मुलगा खोकत होता. आजीने अंधारात फळीवरची बाटली उचलून त्याला एक चमचा पाजला; ती खोकल्याच्या औषधाची नव्हती, तिच्या शेजारी ठेवलेल्या निलगिरी तेलाची होती. मूल आधी जोरात रडले, उलटी झाली, मग पंधरा-वीस मिनिटांत डोळे मिटू लागले आणि रिक्षात त्याला झटका आला. दोन रात्री इस्पितळात काढून ते सुखरूप घरी आले. त्या आजी पुढे कितीतरी महिने मला एकच म्हणत, "भाऊ, झाडपाल्याचंच तर औषध होतं हो ते." बाटली मी नंतर हातात घेऊन पाहिली. तिच्यावर 'शुद्ध निलगिरी तेल' एवढेच छापलेले होते; कोणत्या जातीचे, किती तीव्रतेचे, बाहेरून लावायचे की पोटात घ्यायचे, यातले एक अक्षरही नव्हते.

चमचाभर, म्हणजे पाच मिलिलिटर तेल लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून 'मधातून थेंब चाटवा' हा सल्ला मला सर्वांत धोक्याचा वाटतो, कारण घरात थेंब मोजले जात नाहीत, अंदाजाने ओतले जातात. जर्मनीत सिनिओलच्या कॅप्सूल पोटातून दिल्या जातात हे खरे. पण त्यात मात्रा ठरलेली असते आणि त्या औषध म्हणून विकल्या जातात. चुकून तेल पोटात गेलेच, तर उलटी करवण्याच्या खटपटीत पडू नये, कारण ते श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. बाटली बरोबर घेऊन लगेच इस्पितळ गाठावे. फिट्सचा त्रास असलेल्या मोठ्या माणसांनीही हे तेल आणि कापूर यांपासून जपून राहावे, असे दक्षिण भारतातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी नोंदवले आहे.

तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ हे तेल नेऊच नये. त्याच्या उग्र वासाने लहानग्यांचा घसा आवळला जाऊन श्वास कोंडू शकतो. युरोपच्या औषध नियामक संस्थेने तर अडीच वर्षांखालील मुलांना ते पूर्ण वर्ज्य ठरवले आहे. मोठ्यांनी छातीला लावायचे असेल तर चमचाभर खोबरेल किंवा तिळाच्या तेलात दोन थेंब पुरतात. नुसते तेल त्वचेला लावले की आग होते. दम्याच्या रुग्णाने वासाचाही विचार करावा. वाफाऱ्याबद्दल सांगायचे तर मला स्वतःला रुमालावर एक-दोन थेंब टाकून हुंगणेच बरे वाटते, कारण उकळत्या पातेल्यावर वाकलेल्या मुलाच्या अंगावर पाणी सांडून भाजल्याच्या घटना दरवर्षी घडतात. आणि वाफाऱ्याने किंवा हुंगण्याने मिळतो तो आराम आहे, सर्दी बरी होत नाही: सिनिओलमुळे नाकातल्या थंडावा जाणवणाऱ्या चेतातंतूंना चालना मिळते आणि श्वास मोकळा झाल्यासारखे वाटते. हे 'वाटणे' रात्री झोप लागण्यासाठी मोलाचे आहे, हे मी मान्य करतो. पण २०२१ मध्ये कापूर, लवंग, ओवा आणि निलगिरीची पुरचुंडी हुंगल्याने रक्तातला प्राणवायू वाढतो असे संदेश घरोघर फिरत होते, आणि त्यावर विसंबून काहींनी इस्पितळात जायला उशीर केला, हे मी माझ्याच गल्लीत पाहिले आहे.

आपल्या पुरवणीवर अनेक घरांचा विश्वास आहे. आमच्याकडे तिची कात्रणे कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली असतात. म्हणूनच विनंती आहे की पुढच्या रविवारी त्याच जागी खुलासा छापावा: निलगिरी तेल पोटात घेऊ नये, अडीच वर्षांखालील मुलांना कोणत्याही प्रकारे लावू नये, आणि बाटली खोकल्याच्या औषधाशेजारी ठेवू नये. यापुढे वनौषधींवर लेख छापताना झाडाची जात आणि वापरायचा भाग लेखकाकडून नेमका लिहवून घ्यावा. ब्लू गम, म्हैसूर गम आणि लिंबू-निलगिरी यांच्या कळ्यांची व पानांची छायाचित्रे माझ्याकडे आहेत; छापायची असल्यास ती आपल्या कार्यालयात आणून देईन.

आपला नम्र,
एक निवृत्त वनस्पतिशास्त्र शिक्षक, सातारा