मधुमेहाची झळ मेंदूच्या तटबंदीलाही

महोदय,

मधुमेह म्हटला की डोळे, मूत्रपिंड, पाय यांची चर्चा होते. मेंदूतल्या केशवाहिन्यांचे नाव क्वचितच निघते. त्यांची भिंत हीच मेंदूची तटबंदी: तिच्यातील पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की ग्लुकोजलाही ‘ग्लुट-१’ या वाहक प्रथिनाच्या दारातूनच आत जावे लागते. साखर दीर्घकाळ चढी राहिली की भिंतीला बाहेरून आवळून धरणाऱ्या पेरिसाइट पेशी मरू लागतात, भिंतीतल्या पेशींमधले सांधे सैल होतात, रक्तातली प्रथिने मेंदूत झिरपतात आणि दाह सुरू होतो.

लठ्ठपणात आणखी एक अडचण. प्राण्यांवरील प्रयोगांत रक्तात वाढलेल्या ट्रायग्लिसराइड या चरबीमुळे ‘पोट भरले’ हा निरोप नेणारे लेप्टिन हे संप्रेरक ही तटबंदी ओलांडून मेंदूत कमी पोचते, असे दिसले आहे. म्हणून लठ्ठ माणसाला नुसते ‘तोंडावर ताबा ठेवा’ असे सुनावणे आम्हाला अन्यायाचे वाटते.

ही तटबंदी नेहमीच्या तपासणीत दिसत नाही. दृष्टिपटलातल्या वाहिन्या मात्र तशाच बांधणीच्या आहेत आणि बाहुली मोठी करून थेट पाहता येतात. टाइप-२ मधुमेहाचे निदान होताच ही तपासणी करावी, पुढे साधारण दरवर्षी. एचबीए१सी ही रक्तचाचणी म्हणजे साखरेची सुमारे ३ महिन्यांची सरासरी. रोजचे चढउतार त्यात लपतात. साखर ७० मिग्रॅ/डेसिलिटरच्या खाली घसरणेही मेंदूला सोसत नाही, तेव्हा औषधाचा डोस मनाने वाढवू नये.

— दोन वाचक